बाजाराच्या दिवशी पाहिलेलं गाव

आमच्या ह्यांना रौनक, म्हणजे गजबज, पाहिजे होती. हा शब्द त्यांनी औरंगाबादहून आणला. तिथं दोन वर्षं शिकायला होते. शिक्षण तिथंच राह्यलं, शब्द तेवढा बरोबर आला. कुणीही भेटलं की म्हणायचे, "माणसानं राहावं तर रौनक असलेल्या गावात. इथं काय हाय? ढोरं अन् धूळ."

इथं म्हणजे चारठाण्याजवळच्या आमच्या गावात. त्याच ढोरांच्या जिवावर ह्यांची शेरवानी शिवली जायची, ते सोडून द्या.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्यातली रीत, आणि ती मी जन्मभर पाळली. 'हे' म्हणायचं, 'त्यांनी' म्हणायचं. एक सांगते, मान देऊन बोललं की माणसाला काय वाट्टेल ते बोलता येतं. नावानिशी, अरेतुरे करून मी कधी भांडले नाही. गरजच पडली नाही.

हे एकुलते एक. माझ्या सासूबाईंची, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, बाकी सगळी लेकरं पाळण्यातच गेली. हे तेवढे वाचले. मग काय विचारता! रडले तर घोडा, रुसले तर नवी टोपी. 'न्हाई' हा शब्द ह्यांच्या कानावर कुणी पडूच दिला नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, अख्ख्या गावाला दरडावणारा माणूस, पण लेकासमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

मला रौनक नको होती. मला डाक्टरीणबाई पाहिजे होती.

माझी दोन लेकरं गेली होती. पहिलं माहेरी, दुसरं सासरी. दोन्ही पुऱ्या दिवसांची, धडधाकट दिसणारी, आणि दोन्ही रडली नाहीत. सुईणीनं पाठीवर थापट्या मारल्या, कांदा फोडून नाकाशी धरला, परात वाजवली. परातीचा आवाज गावभर गेला, लेकराचा काही आला नाही. त्यानंतर घरात परात खाली पडली तरी मी हातातलं काम टाकून परसात पळायची. आणि तिसऱ्या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

आमच्याकडं कासारीण यायची बांगड्या भरायला. तिनं सांगितलं, "परभणीच्या मोठ्या दवाखान्यात डाक्टरीणबाई हाय. रात्री उठवली तरी उठती. माझ्या लेकीचं आडवं लेकरू तिनंच सोडवलं बघा." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. घर सोडून शहरात राहायला जायचं हे खूळ ह्यांच्या डोक्यात होतंच. मी म्हटलं, बरं झालं, जाऊ दे खूळ पुढं. नुसतं परभणीच्या वाटेला लागावं.

पण ह्यांची वाट आधी समुद्रावरून गेली. एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या पोराशी दोस्ती होती. त्याच्या नात्यातल्या लग्नाला हे मुंबईला, तिथून आगबोटीनं रत्नागिरीला गेले. परत आले ते रुमालात शिंपले बांधून. त्या शिंपल्यांची घाण माजघरात दिवाळीपर्यंत होती.

"बंदर म्हणजे काय चीज असते, तुमाला काय सांगू!" जेवता जेवता सुरू व्हायचे. "बोटी लागायल्यात, माल उतरायलाय, बायका टोपल्या घेऊन पळायल्यात, दिवसभर नुसता गोंगाट. तिथंच घर घ्यावं म्हणतो."

मामंजींनी भाकरीचा घास तसाच हातात धरला. म्हणाले, "बाबा, आपल्या सरकारच्या राज्याला समुद्रच न्हाई. एवढा मोठा निजाम, त्याला मिळंना, तर तुला कुठून आणून देऊ? अन् तिथं जवारी पिकती का?"

"भात खातेत. मासे खातेत."

मासे! त्या दोस्तानंच मागाहून सांगितलं, की माशांच्या वासानं ह्यांनी रत्नागिरीत नुसत्या केळ्यांवर दिवस काढले आणि बोटीत तर डोकं वर काढलं नाही. पण माणसाला आपलं ओकणं आठवत नाही, बंदर आठवतं.

समुद्र हुकला तसं हे म्हणाले, निदान नदी पाहिजे. गेले गंगाखेडला, तेही चैत्रात. गोदावरी, आमची गंगा, आटून मधोमध एका पट्टीत चाललेली. ह्यांनी घाटावर उभं राहून वाळू पाह्यली आणि परत आले. गंगेनं ह्यांच्यासाठी पाणी राखून ठेवायला पाहिजे होतं, असं तोंड होतं. मग मानवत पाह्यलं. तिथं कापसाची तूस नाकात गेली, शिंकत शिंकत माघारी.

मग मामंजींच्या जमिनीच्या दाव्यासाठी ह्यांना परभणीला जायची वेळ आली. मी देवापुढं दिवा लावला. आत्याबाईंच्या मागं लागून निरोप पोचवला, की तेवढी डाक्टरीणबाईची चौकशी करा. सासूसासऱ्यांच्या देखत नवऱ्याशी थेट बोलायची सोय नव्हती ना. ज्यांच्याशी संसार करायचा त्यांच्याशी बोलायला मधी एक माणूस लागायचं.

हे गेले वैशाखातल्या दुपारी. कचेरीला कसली तरी सुट्टी. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानदार फळ्या लावून आत घोरत पडलेले. दोन टांगेवाले लिंबाखाली झोपलेले, त्यातला एक ह्यांनी हलवून जागा केला, तर तो कूस बदलून पुन्हा झोपला. ह्याचा ह्यांना फार राग आला.

"मुर्दा शहर!" आल्या आल्या जाहीर केलं. "तिथं माणसानं काय करायचं?"

"अन् डाक्टरीणबाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"असंल की. मी काय दवाखाने पाहायला गेलो होतो?"

मी दाराआड उभी होते. हातात चुलीचं फुंकणं होतं. ते हातातच ठेवलं, एवढंच माझं सोसणं.

आता जे गाव ह्यांना पसंत पडलं त्याचं नाव मी घेत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि भांडकुदळ आहेत. आमच्या घरापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं बाजाराचं गाव. त्या गावात आमच्याकडचा माणूस एकाच दिवशी जायचा, बाजाराच्या. मीठमिरची घ्यायला, बैल विकायला, सोयरीक जुळवायला, सगळं त्याच दिवशी. मधल्या दिवशी तिथं जाणाऱ्याला लोकांनी येडा म्हटलं असतं. आजे-पणज्यांपासून आमच्यातल्या कुणी ते गाव दुसऱ्या दिवशी पाह्यलेलंच नव्हतं. पण शेतात राबणाऱ्या गड्यालाही ठाऊक असतं की बाजार उठतो. ह्यांना कोण सांगणार? हे शिकलेले.

बाजार करून आले ते हवेत. "काय रौनक! काय रौनक!" मिरच्यांचे ढीग, जिलेबीचे घाणे, हॉटेलात फोनोग्राफ वाजायलाय, डोंबारी दोरीवर चालायलाय, पाय ठेवायला जागा न्हाई. बाजारपेठेतच एक माडी भाड्यानं मिळते, खिडकीतून सगळं दिसतं. "समुद्राच्या तोंडात मारील असा गोंगाट हाय," म्हणाले.

"दवाखाना?" आत्याबाई. त्यांनी हा प्रश्न माझ्यासाठी धरून ठेवला होता.

"हाय की! डाक्टर माझ्या डोळ्यानं पाह्यला. खुर्चीवर बसलेला, गळ्यात नळी, पुढं ही रांग!" हात केवढा तरी लांब केला.

खरं सांगते, त्या रांगेवर मी भाळले. बाई नसली तर नसली, डाक्टर तर हाय. एवढी माणसं रांगेत उभी राहतात म्हणजे हाताला गुण असणार. मला बाई ह्यांचा पहिल्यांदाच जरा अभिमान वाटला. फार वेळ टिकला नाही, पण वाटला.

पौषात बिऱ्हाड हललं. तोवर मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, सहावा चालू होता. दमणीला, म्हणजे बसायच्या बैलगाडीला, गोषाचा पडदा बांधला, मागं सामानाची गाडी. दिवसही ह्यांनीच निवडला, बाजाराच्या दुसऱ्या दिवसाचा. का, तर बाजाराच्या दिवशी गर्दीतून गाडी आत शिरणार नाही. बघा केवढा विचार केला होता.

गावात शिरलो तर मला वाटलं गाडीवान वाट चुकला. पडद्याच्या फटीतून बघते तर रस्ताभर द्रोण, उसाची चिपाडं, शेण. दुकानांना फळ्या. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं झोपलेलं, बैल नाकाशी आले तरी उठेना. शेवटी गाडीवानानं उतरून त्याला पायानं सरकवलं.

माडीखाली एक म्हातारी तांबोळीण पानं पुशीत बसली होती. ह्यांनी तिला हळू आवाजात विचारलं, "कोन वारलं का गावात?"

"कोन मरतंय मालक?" ती म्हणाली. "बाजार झाला नव्हं काल. आता सहा दिवस असंच."

ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी पडद्याआड पदर तोंडात कोंबला. हसू आवरेना. त्या वेळी मला ते हसण्यासारखं वाटलं, हे माझं कर्म.

मग आमचे दिवस सुरू झाले. हे खिडकीत बसायचे. खाली ते कुत्रं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर व्हायचं आणि हे ते बघायचे. "आज जरा हालचाल वाटायलीय," असंही एकदा म्हणाले, तर एक गाढव आलं होतं. बाजाराच्या दिवशी मात्र पहाटे अंघोळ, शेरवानी, काळी टोपी, मिशीला तेल. दिवसभर बाजारात फिरायचे. ओळखीचा दिसला की माडीवर चहाला आणायचे आणि खिडकीतून गर्दी दाखवायचे, जशी काही ती गर्दी ह्यांनी पेरून उगवली. दिवे लागायच्या आत गाड्या जुंपल्या जायच्या आणि गाव रिकामं. हे जेवायला बसायचे. लढाईचे दिवस, रॉकेल मिळायचं नाही, एवढुशा चिमणीच्या उजेडात ह्यांचं ते उतरलेलं तोंड. कुणाला दया आली असती. मला नाही आली.

चूक झाली असं एकदा म्हणायचं होतं, बस. पण उंटावरचा शहाणा खाली कसा उतरणार?

आठव्यात आत्याबाई बाळंतपणासाठी येऊन राह्यल्या. बाजार होऊन दोनच दिवस झाले होते. सकाळी भाकरी थापताना माझ्या कमरेतून कळ निघाली, पार पायापर्यंत. उठले तर लुगडं भिजलेलं. रक्त. आत्याबाईंनी मला भिंतीला टेकवून बसवलं, पाय उशीवर घेतले आणि लेकाला हाक मारली, "पळ, डाक्टरला घेऊन ये."

हे पळाले. पळाले हे खरं, तेवढं श्रेय देते. टोपीसुद्धा न घालता गेले.

मी डोळे मिटून पोटावर हात ठेवून होते. पोटातलं हलतंय का तेच बघत होते. हललं की जीव भांड्यात पडायचा, थांबलं की पुन्हा टांगणीला. कोपऱ्यात भिंतीला टेकवून परात उभी होती आणि आम्ही दोघीही तिच्याकडं बघायचं टाळत होतो.

हे परत आले, एकटेच. दम लागलेला. म्हणाले, "डाक्टर न्हाई. कंपाउंडर म्हणतो, डाक्टर बाजाराच्या दिवशीच येतेत. रोगीच त्या दिवशी येतेत, तर एरवी येऊन काय माशा मारायच्या?"

मग हे माझ्याकडं वळले. आईच्या देखत माझ्याशी थेट बोलायची ती पहिलीच वेळ, आणि बोलले काय, तर, "बाजार आता पाच दिवसांवर आलाय. तेवढं थांबता येईल का?"

लग्न झाल्यापासून त्या माणसानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

आत्याबाई उठल्या. ही बाई आयुष्यात कधी लेकाशी वर आवाज करून बोलली नव्हती. "अरे मुडद्या," त्या म्हणाल्या, "लेकरू काय मेथीची जुडी हाय व्हय, बाजाराच्या दिवशी यायला? लय लेकरं पुरली म्या. एकटा तू वाचलास. म्हणून तुला तळहातावर झेलला, अन् तू हा उजेड पाडलास! आम्हाला वाटलं देवानं एक तरी राखलं. काय राखलं ते आज दिसलं."

हे भिंतीला पाठ लावून उभे. एकुलत्या एक लेकाला आईनं पहिल्यांदा 'न्हाई' ऐकवलं होतं, तेही तिशीला आल्यावर.

"दमणी जुंपा," आत्याबाई म्हणाल्या. "ठेसनावर. परभणीला जायचंय."

"पर तिथं काही न्हाई, आई. मी पाह्यलंय. मुर्दा..."

"तोंड उघडशील तर याद राख."

दमणीत खाली गोधड्यांचा थर घातला, ह्यांना मागंच ठेवलं. गाडीवानाला आत्याबाईंनी बजावलं, की खड्ड्यातून गाडी गेली तर तुला त्याच खड्ड्यात पुरीन. आगगाडीच्या जनान्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्याबाईंनी अख्ख्या बाकावरच्या बायका उठवल्या आणि मला आडवं केलं. एकीनं कुरकुर केली, तर "तुझी झाली असतील की चार, माझ्या सुनेचं एक तरी होऊ दे," म्हणाल्या. मग परभणीपर्यंत त्याच बाईनं मला वारा घातला.

डाक्टरीणबाई होती. कासारणीनं सांगितली तशीच होती. काळी, ठेंगणी, मद्रासकडची असावी. मराठी मोडकं, पण शिव्या शुद्ध. मला तपासलं आणि आत्याबाईंवर खेकसली, "इतके दिवस काय झोपली होती?" आत्याबाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला दवाखान्यात खाटेवर टाकलं, खाटेचं पायथं विटा लावून उंच केलं. उठायचं नाही, बसायचं नाही. खिडकीतून एक लिंबाचं झाड दिसायचं. त्या मुर्दा शहराचं तेवढंच मी पाह्यलं, आणि मला ते पुरलं.

महिन्यानं कळा सुरू झाल्या. फार लांबलं. शेवटी डाक्टरीणबाईनं लेकराला ओढून काढलं, पाय धरून उलटं केलं, तोंडात बोट घालून काहीतरी काढून टाकलं आणि एक सणसणीत चापट मारली. काही नाही. दुसरी मारली. मला परात आठवली. मी कानावर हात ठेवले. म्हणून पहिला आवाज मी नीट ऐकलाच नाही. आत्याबाईंनी माझे हात ओढून खाली केले आणि म्हणाल्या, "ऐक की पोरी, ऐक!"

पोरगी होती. भोंगा वाजावा तशी रडत होती. आत्याबाई तिथंच फरशीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून तिच्याबरोबर रडल्या. मुलगी झाली म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. बाहेरून कुणी मुरडलं असतं तर आत्याबाईंनी ते नाक ठेवलं नसतं.

दवाखान्याजवळ माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या. निरोप गेला, आणि हे आले. कधी? परभणीच्या बाजाराच्या दिवशी. नशीबच तसं घेऊन आलेला माणूस! ठेसनापासून खोलीपर्यंत गर्दी तुडवत आले, टोपी तिरकी झालेली, डोळे चमकायलेले. दारातूनच सुरू, "काय रौनक आहे! काय माणूस लोटलाय! हे मला कुणी सांगितलंच न्हाई. आता इथंच राहायचं, ठरलं!" मग पोरीकडं वाकून पाह्यलं. "बरी हाय," म्हणाले, आणि लगेच बाजार बघायला गेले. दिवे लागल्यावर जिलेबी घेऊन आले. मी खाल्ली. जिलेबीचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून हे आडवे झाले. बाहेर ऊन. रस्ता मोकळा, टांगेवाले लिंबाखाली झोपलेले. आणि पोरीनं सूर लावला. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, तरी रडायली. तिला रडायचंच होतं. आत्याबाईंनी मांडीवर घेतलं, मी घेतलं, थांबेना. हे ह्या कुशीवरून त्या कुशीवर झाले, उशी कानावर ओढली, आणि मग उठून बसले.

"केवढा गोंगाट हा!" म्हणाले. "माणसानं झोपायचं कसं? गप करा की तिला."

मी आत्याबाईंकडं पाह्यलं. मधी माणूस घालून बोलायची रीत होती, त्यांच्यामार्फत बोलायला पाहिजे होतं. त्या पोरीचं टोपडं सारखं करत राह्यल्या.

"आधीची दोन गपच होती," मी म्हणाले. "तवा तुमी चांगले झोपलात. हिला मी गप करणार न्हाई."

ह्यांनी आईकडं पाह्यलं, तर तिनं मान वर केली नाही. मग उठले, शेरवानी चढवली, बटणं लावली, टोपी घातली. "जरा बाजारात जाऊन येतो," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

बाजार काल होता. पोरगी रडत होती, आणि आम्ही दोघी तिला रडू देत बसलो.